बोटीचं इंजिन एकदा लगेच लागतं, एकदा अजिबात लागत नाही: कुठून शोधायला सुरुवात करायची

इंजिन कायमचं बंद पडलं असेल तर ती सोपी केस असते, फिटर येतो, खोलतो, सापडतं, पैसे जातात पण विषय संपतो. डोक्याला खरा ताप देतं ते दुसरं, आज एका सेल्फला उचललं आणि उद्या बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारला तरी नुसतं घर्र घर्र, आणि फिटर बोटीवर पाय ठेवतो तोच पहिल्या झटक्यात चालू. मग नाखवा (बोटीचा मालक) म्हणतो तुझा पायगुण, चहा पाजतो, आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन. ऑगस्ट लागला की असे फोन जास्तच येतात कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, बोट वर ओढलेली, ताडपत्रीखाली दोन महिने उभी, आणि मग पहिल्या उधाणाला पाण्यात टाकल्यावर ती सगळे नखरे एकदम दाखवते.

मी डिझेलच्या इनबोर्ड इंजिनाबद्दल लिहितोय, दोन, चार किंवा सहा सिलिंडर, वर्सोवा, मढ, वरळी, ससून डॉक, भाऊचा धक्का, कुठेही बघा बहुतेक तेच. पेट्रोल-केरोसीनच्या आऊटबोर्डवाल्यांसाठी शेवटी थोडं आहे.

आता बहुतेक जण काय करतात, आधी नवीन बॅटरी. नाही जमलं तर सेल्फ काढून रिपेअरला. तरी नाही तर नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे), मग डिझेल पंप कॅलिब्रेशनला. म्हणजे सगळ्यात महाग वाटेने चालत राहायचं आणि मध्ये कुठेतरी नट आवळताना चुकून प्रॉब्लेम सुटला की म्हणायचं पंपच खराब होता. माझं म्हणणं एवढंच की कधी कधी होणारा बिघाड हा "कधी" होतो ते आधी बघा, पाना नंतर. केबिनमध्ये एक वही टांगा आणि पंधरा दिवस लिहा: बोट किती तास उभी होती, पाण्यावर तरंगत होती की चिखलात बसली होती, टाकीत डिझेल किती, रात्री लाईट आणि वायरलेस किती वेळ चालू होते, सेल्फचा आवाज कसा होता, सायलेन्सरमधून धूर आला का आणि कोणत्या रंगाचा. खलाशांना सांगितलं तर ते हसतात, हसू दे. तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) लिहायचं.

वहीचा फायदा काय ते एका बोटीवर बघितलं ते सांगतो. खाडीत लागणारी बोट, सहा सिलिंडर, बॅटरी नवी, सेल्फ दोनदा खोललेला, नोझल केलेले, तरी अधूनमधून अर्धा तास धडपड. नाखवाच्या घरच्या वहिनी म्हणायच्या हे अवस-पुनवेलाच होतं, नारळ फोडा. नारळ फोडून झाला होता. पण वहीत तारखा बघितल्या तर वहिनींचं खरंच होतं, सगळे खराब दिवस अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे. आता मुंबईत त्या दिवसांत भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास असते, म्हणजे पहाटे सहा-सातला कडक सुकती (ओहोटी), आणि उधाणाची सुकती असल्यामुळे खाडीचं पाणी पार आत ओढलं जातं. बोट चिखलात बसायची आणि डाव्या अंगावर कलायची. डिझेलची टाकी डावीकडेच. म्हणजे बोट कलली की टाकी फीड पंपापेक्षा (टाकीतून डिझेल खेचणारा छोटा पंप) आणखी खाली जायची, आणि पाईपातलं डिझेल मागे टाकीत उतरायला जोर मिळायचा. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) पाणी तेवढं ओसरतच नाही, बोट तरंगत सरळ उभी, म्हणून तेव्हा काही त्रास नाही. डिझेल मागे उतरायचं तर त्याच्या जागी कुठून तरी हवा आत यायला पाहिजे, आणि ती येत होती फीड पंपाच्या तोंडावरच्या बँजो बोल्टखालच्या (पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) एका जुन्या तांब्याच्या वायसरमधून. तो वायसर काढला तर एका बाजूला नखाने लागेल एवढी चीर होती, आणि सगळ्या बोल्टवर एक थेंब डिझेल नाही. बाहेरून कोरडा ठणठणीत.

हेच लोकांना पटत नाही, की गळती आहे तर डिझेल टपकलं पाहिजे. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा जो भाग आहे तो खेचण्याचा भाग आहे, तिथे पाईपात बाहेरच्या हवेपेक्षा दाब कमी असतो, त्यामुळे भोक असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. नारळपाण्याच्या स्ट्रॉला वर कुठे चीर असेल तर पाणी गळत नाही, नुसती हवा तोंडात येते, तसंच. फीड पंपाच्या पुढे, फिल्टर आणि मोठ्या पंपाकडे (नोझलला डिझेल देणारा डिझेल पंप) जाणाऱ्या भागात दाब असतो म्हणून तिथली गळती दिसते, हाताला लागते. त्यामुळे फडकं फिरवून "कुठे ओलं नाही" म्हणणारा फिटर अर्धंच इंजिन तपासतोय असं समजा.

आता सुरुवातीपासून. सेल्फ मारला आणि इंजिन लागलं नाही, तर पहिला प्रश्न एकच, इंजिन फिरलं का आणि नेहमीच्या वेगाने फिरलं का. फिरलंच नाही किंवा रडत रडत फिरलं तर करंटची बाजू बघा, डिझेलला हात लावू नका. जोरात फिरलं पण पकडलं नाही तर डिझेलची बाजू बघा, बॅटरीला शिव्या देऊ नका. हे दोन्ही एकत्र करून शोधायला गेलं की घोळ होतो. आणि मध्ये एक चिवट प्रकार आहे, फिरतं, पण थोडं सावकाश. डिझेल इंजिनात स्पार्क नसतो, हवा दाबूनच ती एवढी गरम करायची असते की डिझेल पेटेल, आणि सावकाश फिरलं तर दाबलेली हवा रिंगांच्या बाजूने निसटायला वेळ मिळतो, गर्मी तयार होत नाही. म्हणून कानाला "फिरतंय की" वाटतं आणि तरी लागत नाही. तिथे नोझल खोलून काही मिळत नाही, बॅटरी आणि केबल बघायची.

मल्टिमीटर घ्या, लॅमिंग्टन रोडला काही शे रुपयांत मिळतो, तोच चालतो. बॅटरी काही तास आराम करून असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. २४ व्होल्टची सिस्टिम असेल तर डबल करा, पण तिथे दोन बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा कारण एक चांगली आणि एक मेलेली असं जोडपं खूप वेळा सापडतं. पण उभ्या बॅटरीचा आकडा फसवतो. खरा आकडा सेल्फ मारताना. मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर धरायच्या, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं, १० च्या वर राहिला तर बॅटरी ठीक, साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी गेलीय किंवा सेल्फ जॅम होऊन नको तेवढा करंट खातोय.

बॅटरी ठीक निघाली तरी थांबू नका, त्यानंतर मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि सेल्फ मारा. इथे शून्याच्या जवळ यायला पाहिजे. अर्धा व्होल्टच्या वर दाखवलं तर तेवढे व्होल्ट मध्ये वाटेत खर्च होतायत, केबलमध्ये किंवा जोडात. मग तसंच अर्थच्या बाजूला, बॅटरीची मायनस खुंटी आणि इंजिनाचं ब्लॉक. अर्थ कोणी बघतच नाही. इंजिनाच्या पायाशी, बिल्जच्या पाण्याच्या वाफेत, रंगाच्या थरावर कसलेला अर्थचा बोल्ट, वरून चकचकीत आणि खाली हिरवी पूड. सोडायचा, पॉलिश पेपरने धातू उघडा होईपर्यंत घासायचा, कसून झाल्यावर वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली. आधी ग्रीस लावून मग कसायचं नाही.

केबल बाहेरून छान दिसते म्हणून सोडू नका. लग (केबलच्या टोकाचा धातूचा डोळा) जिथे संपतो तिथून दोन इंच रबर सोलून बघा, आतली तांब्याची तार काळी झाली असेल तर खाऱ्या पाण्याने ती आतून वर चढत गेलीय. कलई केलेल्या तारेची केबल घेतली तर जास्त टिकते, आणि लग हातोडीने ठोकून नाही, नीट प्रेस करून, वर गोंदवाली हीट श्रिंक नळी.

दुसरा प्रकार, किल्ली फिरवली की नुसतं टक्. पुन्हा टक्. आठव्या वेळेला उचलतं. इथे सगळे सेल्फ काढतात. थांबा. सेल्फवरच्या सोलेनॉइडला (करंट मिळाला की सेल्फ जोडणारा स्विच) एक बारीक वायर येते, किल्लीकडून. किल्ली फिरवून धरलेली असताना तिथे किती व्होल्ट पोचतात ते मोजा. पूर्ण पोचतात आणि तरी टक्, तर हो, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा कार्बन ब्रश, सेल्फ काढा. पण आठ-नऊच पोचतात तर गुन्हेगार वर केबिनमध्ये बसलाय, किल्लीचा स्विच, त्याच्या मागचे जोड, नाहीतर गिअर न्यूट्रल असल्याशिवाय सेल्फ चालू न देणारा स्विच असेल तर तो. पावसाचं आणि लाटेचं पाणी पॅनलवर उडतं, मीठ सुकतं, दमट दिवशी ते पुन्हा ओलं होतं, म्हणून आज चालतं उद्या नाही. किल्लीचा स्विच बदला आणि सेल्फजवळ एक चांगला रिले टाका म्हणजे सगळा करंट त्या बारीक स्विचमधून जाणार नाही. हे काम सेल्फ रिपेअरच्या अर्ध्याहून कमी पैशात होतं, एवढं स्वस्त आहे.

स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ डायरेक्ट करणं सगळ्यांना येतं, मला माहितीये, समुद्रात अडकलात तर करालच. पण गिअर न्यूट्रल आहे ना ते स्वतः बघून, बेल्टपासून शर्ट लांब ठेवून, आणि बॅटरी चार्जिंगवर असताना किंवा इंजिनरूममध्ये वास कोंडलेला असताना अजिबात नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, एका ठिणगीला बॅटरी फुटते, आणि ॲसिड तोंडावर येतं.

बॅटरी वारंवार उतरत असेल तर रात्रीचा हिशोब करा. जाळं टाकून बसलात, मास्टची लाईट, केबिनची लाईट, जीपीएस, वायरलेस, मोबाईलचे चार्जर, कोणाचा तरी स्पीकर, सगळं त्याच एका बॅटरीवर, मग पहाटे सेल्फला काय उरणार. सेल्फची बॅटरी वेगळी ठेवा, तिच्यावर दुसरं काहीही नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ आलं पाहिजे, नाही आलं तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट.

आता डिझेलची बाजू. इंजिन दणकून फिरतंय आणि पकडत नाही. एक माणूस सायलेन्सरच्या तोंडाकडे बघायला उभा करा, एवढ्याने निम्मं काम होतं. धूर अजिबात नाही, तर डिझेल नोझलपर्यंत पोचतच नाहीये. पांढरा धूर येतोय, डोळ्याला झोंबणारा, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही.

धूर नाही तर सगळ्यात आधी स्टॉपची वायर बघा. हसू नका. इंजिन बंद करायला जो नॉब ओढतो त्याची वायर मिठाने आत गंजते, नॉब ढकलला की वर केबिनमध्ये पूर्ण आत गेल्यासारखा वाटतो पण खाली पंपावरचा लिव्हर मधेच अडकलेला असतो, अर्धा स्टॉपवर. एक दिवस पूर्ण परत जातो, एक दिवस नाही, म्हणजे तुमची "कधी कधी"वाली तक्रार तयार. खाली उतरून लिव्हर हाताने पूर्ण रनकडे ढकला आणि सेल्फ मारा, लागलं तर वायर बदला, ऑईल टाकून दोन आठवडे काढू नका. ज्यांना करंटवर चालणारा स्टॉप सोलेनॉइड आहे त्यांनी त्याचीही वायर आणि सळई बघायची.

ते ठीक असेल तर हवा. फीड पंपाचा हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल भरायचा दट्ट्या) मारा, कडक लागेपर्यंत किती वेळा मारायला लागतं ते वहीत लिहा. रात्रभर उभ्या बोटीवर दोन-चार झटक्यात कडक झाला तर लाईन भरलेली आहे, वीस-पंचवीस मारावे लागले तर लाईन रिकामी झाली होती. फिल्टरचा एअर स्क्रू सैल करा, प्रायमर मारत राहा, आधी फेस येईल, मग फेस आणि डिझेल, मग नुसतं डिझेल, तेव्हा मारता मारताच कसा. मग मोठ्या पंपाचा स्क्रू, तसंच. तरीही लागलं नाही तर नोझलला येणाऱ्या पाईपांचे नट एकेक पाव आटा सैल करून सेल्फ मारायचा आणि डिझेल दिसलं की कसायचं. हात आणि तोंड लांब ठेवायचं, त्या प्रेशरचा डिझेलचा फवारा कातडीतून आत जातो, ते मलम लावून बरं होणारं काम नाही, सरळ हॉस्पिटल.

एअर काढली, इंजिन लागलं, नाखवा खूश. पण हवा आली कुठून ते सापडलं नाही तर पुन्हा चार दिवसांनी तेच. इथेच बहुतेक फिटर पैसे घेऊन जातात. माझी पद्धत अशी: स्वच्छ डिझेलचा एक कॅन फीड पंपाच्या वरच्या उंचीला घट्ट बांधायचा, सायलेन्सरपासून लांब, आणि टाकीकडून येणारा सक्शन पाईप फीड पंपावरून सोडून त्या जागी नवीन पाईपने पंप त्या कॅनला जोडायचा. बोट जागेवर बांधलेली, इंजिन थोडं चालवून बंद करायचं आणि रात्रभर सोडायचं. सकाळी एका सेल्फला लागलं तर बिघाड बहुतेक टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात, बाकी कशाला हात लावू नका. तरीही नाही लागलं तर फीड पंपाच्या पुढे बघायचं, फीड पंपाचे व्हॉल्व, फिल्टरच्या भांड्याचं रबर, रिटर्नची (जादा डिझेल टाकीत परत नेणारी) लाईन. एका रात्रीत अर्धं इंजिन संशयातून बाहेर.

टाकीकडचा भाग निघाला तर काय काय बघायचं: बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर (एकदा सोडले की नवीनच टाकायचे, जुने पुन्हा वापरायचे असतील तर निदान तापवून नरम करून), रबरी पाईप जिथे क्लिपखाली कडक होऊन चिरलाय, पाण्याच्या सेपरेटरचं झाकण आणि त्याचा खालचा ड्रेन नळ, आणि टाकीच्या आत जो उभा पाईप जातो तो. तो पाईप कधीकधी टाकीच्या आतच वरच्या बाजूला गंजून भोक पडलेला असतो. टाकी भरलेली तर भोक डिझेलमध्ये बुडालेलं, काही त्रास नाही, टाकी अर्ध्याच्या खाली आली की हवा खेचायला सुरुवात. वहीत "डिझेल किती" लिहायला सांगितलं ते ह्यासाठी. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये थोडा पारदर्शक पाईप लावून बुडबुडे बघता येतात, पण तो तपासण्यापुरताच, नंतर काढा, गरम इंजिनाजवळ तो कायमचा ठेवायचा नाही.

बंदीनंतरच्या बोटींना वेगळाच आजार. दोन महिने अर्धी टाकी, बाहेर पाऊस, आतल्या रिकाम्या जागेत दमट हवा, ती गार होऊन पाणी सुटतं, पाणी तळाला बसतं, आणि पाणी आणि डिझेलच्या मधल्या थरात काळी बुरशी वाढते. बोट उभी असेपर्यंत ती तळाला शांत. समुद्रात पहिली लाट लागली की सगळं ढवळून वर येतं आणि फिल्टर चोक. लोक फिल्टर बदलतात, दोन दिवसांनी पुन्हा चोक, पुन्हा बदलतात. टाकी तळापासून रिकामी करून साफ केल्याशिवाय ते थांबत नाही. पाण्यात टाकण्याआधी टाकीचा ड्रेन उघडून काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा, पाणी खाली वेगळं दिसेल.

पांढरा धूर येतोय आणि पकडत नाही, ही तिसरी गोष्ट. थंड देशात ह्याला थंडीचं कारण देता येतं. मुंबईत जानेवारीच्या पहाटेही असं काही गोठत नाही, त्यामुळे "थंडीमुळे होतं हो" म्हणणाऱ्याला विचारा कुठली थंडी. आपल्याकडे चांगल्या कंडिशनमधलं इंजिन बाराही महिने गार असताना लागलंच पाहिजे. नाही लागत तर एकतर सावकाश फिरतंय (वर बघा), नाहीतर नोझल फवारा न करता धार मारतायत, नाहीतर टॅपेट (व्हॉल्व उघडणारे) एवढे टाईट आहेत की व्हॉल्व पूर्ण बसत नाहीत, नाहीतर रिंगा-लायनर गेलेत. आधी टॅपेट, कारण त्याला फक्त फिलर गेज आणि वेळ लागतो, गॅप तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातली. मग नोझल टेस्टिंगला. कॉम्प्रेशन शेवटी मोजून घ्या, आणि एअर फिल्टरची नळी काढून पेट्रोलचं फडकं धरणं किंवा ईथरचा स्प्रे मारणं बंद करा. इंजिन लागतं, पण नको तेव्हा पेट घेतं, पिस्टन-रिंगांना दणका बसतो, आणि काही इंजिनांना मग त्याची सवयच लागते म्हणतात, म्हणजे खरं तर कॉम्प्रेशन आणखी उतरलेलं असतं. हीटर प्लग असलेल्या इंजिनात तर ईथर म्हणजे स्फोटच.

गार असताना लागतं आणि गरम असताना नाही, धक्क्यावर मासळी उतरवायला वीस मिनिटं बंद केलं आणि मग हटून बसलं, तर हे वेगळं. सेल्फ गरम होऊन बुशात अडकतोय का ते आवाजावरून कळतं, सावकाश फिरतं. जोरात फिरत असेल तर, रोटरी टाईपचा पंप असेल तर तो आतून झिजलाय, गरम डिझेल पातळ होऊन आतल्या आतच निसटतं. ओलं फडकं पंपावर ठेवून पाच-दहा मिनिटांनी लागलं तर ओळखा. गरम पंपावर बादलीने समुद्राचं पाणी ओतू नका, पंप जॅम होतो.

एक धोका आवर्जून. ज्यांच्या बोटीत थंड करून आलेलं समुद्राचं पाणी सायलेन्सरमधूनच बाहेर जातं, त्यांनी इंजिन लागत नसताना सेल्फ मारत राहायचं नाही. पाण्याचा पंप फिरतोय पण पाणी बाहेर ढकलायला धुराचं प्रेशर नाही, म्हणून सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये जातं. दोन-तीन प्रयत्नांनंतर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा, आणि इंजिन लागलं की लगेच उघडा, नाहीतर पंपाचा रबरी पंखा जळतो. सेल्फ फिरता फिरता अचानक धप्प करून थांबला तर पुन्हा मारू नका, नोझल काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि कुठलीही बोट असो, एका वेळी दहा-पंधरा सेकंदच सेल्फ, मग निदान एक मिनिट आराम, सेल्फची वाइंडिंग जाळून काही मिळत नाही.

बाहेर समुद्रात बंद पडलं तर आधी नांगर, मग पाना. ही गोष्ट तांडेलांना मी सांगायची गरज नाही, पण हौशी बोटवाले खडकाकडे वाहत जाईपर्यंत इंजिनरूममध्ये डोकं घालून असतात. वायरलेसवर चॅनल १६, मोबाईलला रेंज असेल तर कोस्ट गार्डचा १५५४.

आता आऊटबोर्डवाले. पेट्रोलवर स्टार्ट करून केरोसीनवर चालवत असाल तर बंद करायच्या आधी काही मिनिटं पुन्हा पेट्रोलवर चालवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये केरोसीन राहणार नाही. गार इंजिनात केरोसीन पेटत नाही, दोरी ओढून खांदा निखळतो, आणि दुसऱ्या दिवशी प्लग काळा ओला. दोरी ओढण्याआधी लाल सेफ्टी क्लिप (ती निघाली की इंजिन बंद) जागेवर आहे का बघा, मांडव्याला फिरायला जाणारे निम्मे लोक ह्याच कारणासाठी फोन करतात. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का. रबरी बल्ब दाबून कडक होतो का, आणि कडक होऊन पुन्हा लगेच नरम पडत असेल तर बल्बचा व्हॉल्व किंवा पाईपाचा जोड, म्हणजे पुन्हा तीच हवेची गोष्ट.

फिटरला बोलवायचंच असेल तर फोनवर "स्टार्ट होत नाही" एवढंच सांगू नका. फिरतं की नाही, किती जोरात, धूर आहे का आणि कसला, सेल्फ मारताना बॅटरीवर किती व्होल्ट, प्रायमर किती वेळा मारला, बोट चिखलात होती की पाण्यात. एवढं सांगितलंत तर तो घरून निघतानाच बरोबर वायसर, पाईप नाहीतर रिले खिशात टाकून येईल. आणि इंजिन आज व्यवस्थित चालू असेल तर त्याला आज बोलवू नका, ज्या दिवशी हटून बसेल त्या दिवशी काहीही न सैल करता तसंच ठेवा आणि मग बोलवा, कारण एकदा कोणीतरी एअर काढली की पुरावा गेला.